पांढरी एक, पांढरी सहा

सोमा, तुझी तेरवी झाली. बुंदी चांगली होती, वरण पातळ होतं. तू पंगतीत असता तं वाढणाऱ्याले नक्की म्हटलं असतं, "काहून बे, वैनगंगा इकडंच वळवली का?" कोणी म्हटलं नाही. सगळे मान खाली घालून जेवले, हात धुतले, सायकली काढल्या अन् गेले. मी बसून राहिलो तुझ्या मागापाशी. अर्धं विणलेलं लुगडं मागावर तसंच आहे. सुताचा धोटा कडेले पडला आहे. तू आताच पाणी प्यायले उठून गेला, असं वाटते.

जेवणाआधी लोकं तुझ्यावर बोलले. एकानं सांगितलं, सोमाजी देवमाणूस होता. मी मनात म्हटलं, देवमाणूस कायचा? जन्मभर माझं डोकं खाल्लं यानं. दुसऱ्यानं सांगितलं, सोमाजीचं कोणाशी कधी भांडण नाही झालं. तेव्हा मले उठून उभं राहावं वाटलं. माझ्याशी होतं ना! भेटलो का होतं, अन् ते अजून मिटलं नाही. पण तेरवीत असं बोलत नसतात. म्हणून इथं लिहून राहिलो. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, अक्षर चिखलातल्या बैलाच्या पावलासारखं आहे. ज्याले वाचायचं त्यानं वाचावं.

भांडण काय होतं ते आधी सांगून ठेवतो, नाही तं लोकायले वाटायचं का शेताच्या धुऱ्याचं, बांधाचं होतं.

आपल्या बँडमध्ये तू क्लारनेट वाजवे अन् मी पेटी. गळ्यात पट्टा, पोटावर पेटी, डावा हात भात्यावर. उजव्या हाताच्या अंगठ्यानं मी सा धरून ठेवायचा, तो सोडायचा नाही, अन् बाकीच्या बोटांनी तुझ्या मागं मागं जायचं. तू पुढं, मी मागं, पण जमीन माझी. माझ्या अंगठ्याखाली पांढरी एक दाबलेली असे म्हणून तुझी चाल उभी राहे. हे मी तुले कितीदा ऐकवलं. तू म्हणे, "हो बापा, शेषनाग आहे तू. हलू नको, भंडारा बुडेल."

तू जवान असताना कामठीले पलटणीतल्या एका म्हाताऱ्या बँडमास्तराच्या घरी राहून शिकून आला होता. तिथून क्लारनेट आणली अन् ही बिमारी आणली. आपली ओळख नवीन होती तेव्हाची गोष्ट. तुझ्या घरी, याच मागापाशी, तू मले म्हटलं, "कवडू, मेजर अन् मायनर माहीत आहे का तुले?"

मी म्हटलं, "मेजर पलटणीत असते. दुसरा कोण, त्याचा शिपाई?"

तू इतका हसला का वैनी आतून पाहायले आली. मले राग आला. मंग तू समजावून सांगायले लागला. मास्तर म्हणे, मेजर सुराची पट्टी हसती असते, मायनर रडती. अन् दर मेजरची एक मायनर रिलेटिव्ह असते.

"रिलेटिव्ह म्हणजे?"

"सोयरा. सोयरा बी नाही, सख्खा भाऊ. घर एक, पट्ट्या त्याच सात, एकही काळी लागत नाही. फक्त चूल वेगळी." असं म्हणून तू माझा अंगठा धरला. "हे पाह्य. पांढरी एक धरली, तिले सा म्हटलं. वाजव पुढच्या पांढऱ्या. हसते ना? आता तिथून खाली उतर. नी, मंग ध. ही पांढरी सहावी. हिले सा म्हण, अंगठा हिच्यावर ठेव. अन् त्याच पांढऱ्या वाजव, एक बी बदलू नको."

तू स्वतःच वाजवून दाखवलं. पट्ट्या त्याच होत्या, हे मी डोळ्यानं पाहिलं. अन् पेटी रडली, हेही कानानं ऐकलं. पण मी विचारलं, "मंग माझा सा कुठं गेला?"

"कुठं जाईल? तिथंच आहे. आता तो कोमल गंधार झाला."

सोमा, त्या दिवशी मी पेटी उचलून घरी गेलो. माझ्या सा ले हा कोमल गंधार म्हणते! उद्या माझ्या बापाले माझा साळा म्हणशील. मले आमच्या कारध्याच्या भजनी बुवानं शिकवलं होतं, अन् बुवानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं का सा म्हणजे खळ्यातली मेढ. खळ्याच्या मधात लाकडाची मेढ गाडतात, तिले बैलं बांधतात, बैलं भोवती फिरतात अन् पायाखाली धान मळून निघते. मेढ पक्की तं मळणी पक्की. मेढ हलवून कोणी मळणी करते का?

तू म्हणे, "दुसऱ्या जागी गाडली तं धान बदलते का बे?"

"धान बदलत नाही, अक्कल बदलते."

हेच भांडण. सगळा जन्म एवढ्यावर गेला.

एका हंगामात तू माझ्या खळ्यावर आला होता. नवीन धोतर, तोंडात तंबाखूचा खर्रा, पायात वहाणा, कोष्ट्याचा पोरगा धान पाहायले आला होता. बैलं फिरत होती. मी म्हटलं, पाह्य सोमा, याले सा म्हणतात. तुले राहवलं नाही. मी पाण्याचं मडकं आणायले गेलो तं तू मेढीले हात लावून पाहिला. तुले वाटलं ती खुंटीसारखी उपसून दोन हात बाजूले रोवता येते, अन् बैलं आपोआप नवीन गोल धरतात. तू ती हलवली, हलवली, अन् ती निघाली. बैलायले काय माहीत मेजर अन् मायनर! ते मेढ घेऊन सरळ धानाच्या गंजीत घुसले अन् खायले लागले. तू त्यायच्या मागं, धोतर फिटून राहिलं, ओरडून राहिला, "कवडू! अबे कवडू! तुझा सा पळाला!"

आपण दोघं पळापळ करून बैल आणले. माझी बायको धुऱ्यावर बसून हसून हसून रडायले आली होती. मी सांगितलं, "पाहिलं? मेढ हलवली का असं होते." तू दम खात बसला होता. तरी म्हणतो कसा, "मेढ हलवायची असते ते बैल सोडून. मले शेती येत नाही म्हणून मास्तर खोटा होत नाही."

तुझा हाच गुण होता. हरत नव्हता. अन् मीही नाही. म्हणून तं जमलं.

मंग शेवंताचं लग्न. माझी एकच पोरगी. नवरदेव वरठीचा, टेशनावर कामाले. सोयरे चांगले होते. गावात मले लोकं म्हणाले, "कवडूभाऊ, पोरीचा बाप बँडात उभा राहत नसते. बाप मांडवात बसते." मी म्हटलं, माझ्या पोरीले मी दुसऱ्याच्या पेटीवर पाठवू? पाठवणीले पेटी मीच वाजवीन.

आदल्या दिवशी तू आला अन् माझ्या बाजूले बसून हळूच म्हणाला, "कवडू, उद्या एक चाल लावतो. माझी, नवीन. सगळी पांढऱ्या पट्ट्यांची. आपण पोरीले पोचवायले वैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊ ना? कारध्याच्या काठावर तू सहावी धर. आपल्या बायकायले रडू येईल तसं येऊ दे. पुलाच्या मधात आलो का अंगठा पहिलीवर आण. तिकडं भंडाऱ्याच्या काठावर नवरदेवाचे लोकं उभे राहतील, त्यायले नाच येईल. चाल मी एकच वाजवतो. बदलत नाही. एकाच चालीत पोरगी जाईल बी अन् पोचेल बी."

मी म्हटलं, "नाही."

"काहून?"

"सा हलवत नसतात."

"अबे, पोरीच्या लग्नात तरी..."

"पोरीच्या लग्नात तं नाहीच."

तू चिडून उठला. "तुझ्यापेक्षा मेढ बरी. ती निघते तरी."

सकाळी पाठवणी निघाली. शेवंता रेंगीत, छोट्या बैलगाडीत बसली, डोक्यावर पदर. बायका दारातूनच रडत होत्या. तू चाल उचलली. काय चाल होती सोमा! मी पहिली धरली अन् धरूनच ठेवली. घरापासून नदीपर्यंत, पुलावर चढलो तरी. रडणाऱ्या बायका गोंधळल्या. पाय त्यायचे रडत चालले होते अन् कान नाचायले पाहत होते. माझी बहीण मले म्हणाली, "दादा, पोरगी चालली ना रे, हे काय वरातीचं वाजवून राहिला!" मी ऐकलं नाही. शेवंतानं रेंगीतून मागं वळून पाहिलं. तिचा बाप गळ्यात पेटी घेऊन, घामानं भिजलेला, बँडवाल्यायच्या रांगेत तालात चालला होता. तिले हसू फुटलं. तोंडावर पदर घेतला, पण खांदे हसत होते. तेवढं मले दिसलं.

पुलाच्या मधात तू क्लारनेट तोंडातून काढली. तिच्या तोंडाची पत्ती पुसली. ढोल थांबला. रेंगी पुढं गेली, तिकडचे लोकं पुढं आले, त्यायनी बैलायले हार घातले. अन् त्या मधात एकटी माझी पेटी वाजत राहिली, पांढरी एक, भों करून. तू माझ्याकडं पाहून म्हटलं, "झालं ना तुझं? आता तं सोड."

मी सोडली नाही. तुले वाटलं, जिद्द. गावाले वाटलं, जिद्द. बायकोलेही तसंच वाटलं अन् ती तेच घेऊन गेली. तुले आज सांगतो. मी अंगठा सहावीवर नेला असता तं मी पुलावर बसलो असतो. नवरदेवाच्या लोकांसमोर, भर उजेडात, पोरीचा बाप लेकरासारखा रडला असता. माझ्या अंगठ्याखाली ती एक पट्टी होती म्हणून मी उभा होतो. तुझी थेरी मले त्या दिवशी पहिल्यांदा पुरी समजली होती, सोमा. समजली म्हणूनच मानली नाही.

परत येताना पूल रिकामा होता. तू हळूहळू चाल गुणगुणत चालला होता. कारध्याच्या काठावर आल्यावर माझ्या भात्यावर हात ठेवला. "आता कोणी नाही पाहत. धर सहावी."

मी म्हटलं, "चाल बे, जेवून घे. भात गार होऊन राहिला."

तू जेवला. पोट भरून जेवला. पण मले वाटते, तुले तेव्हाच काही तरी कळलं होतं. कारण त्या दिवशी तू पुन्हा विषय नाही काढला, अन् विषय न काढणं तुझ्या रक्तात नव्हतं.

मंग बायको गेली. लोकं आले, बसले, म्हणाले का देवाची मर्जी, ज्याचं त्याचं आयुष्य. मी दोन घास खाऊन उठे. तू दोन-चार दिवसांनी आला. बसला नाही, पाणी मागितलं नाही, दारातूनच म्हणाला, "आता तं मान, का सहावी रडते."

मी तुले जी शिवी दिली ती इथं लिहिता येत नाही. मंग दुसरी दिली. तू उलट दिली. शेजारचे जमले, म्हणाले, दुखवट्याच्या घरात हे काय चाललं? आपण दोघं अंगणात उभे राहून सा अन् ध वरून ओरडत होतो. तुझा घसा बसला, माझाही बसला. मंग तू चूल पेटवली अन् भात लावला, कच्चा राहिला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. तुझे उपकार मानत नाही, कारण तू मानू दिले नसते. पण लिहून ठेवतो.

पुढं बँड मोडला. लग्नात कर्णे आले, टेपा आल्या, मंग ती विजेची पेटी आली, जिले भाता लागत नाही. भाता नाही ती पेटी कायची? तुझी छाती तोवर कामातून गेली होती. सुताची धूळ जन्मभर खाल्ली, वरून खर्रा. क्लारनेट फुंकायची ताकद नव्हती. मी भंडाऱ्याले बाजाराले आलो का तुझ्याकडं येऊन बसे. तू खाटेवर, मी खाली. तू तोंडानं चाल म्हणे, मधातच खोकला येई, अन् खोकल्यानंतर जिथं सोडली तिथूनच उचले. ताल चुकत नव्हता, मानलं पाहिजे.

शेवटी भेटलो तेव्हा तू बोटानं पेटीकडं दाखवलं. मी त्या दिवशी पेटी आणली होती, तिचा भाता शिवायले टाकायचा होता. तू म्हटलं, "कवडू. एकदा सहावी धर. मी तोंडानं म्हणतो. मले ऐकू दे, मंग झालं."

मी म्हटलं, "फुकटात नाही. तू उठून बस. क्लारनेट घे, सगळी चाल वाजव. ज्या दिवशी तू वाजवशील त्या दिवशी अंगठा हलवतो. आईची शप्पथ."

वैनी माझ्याकडं अशी पाहू लागली का हा माणूस आहे का दगड. तू पाहिलं नाही तसं. तू हसला. दात दिसले तुझे. "साला जिद्दी," म्हणाला. "थांब, उठतोच."

मले वाटलं होतं तू उठशील, सोमा. तुझ्यासारखा माणूस, मले हरवायची संधी सोडून जाईल, असं मले खरंच वाटलं नव्हतं. दुसरं कोणतं औषध माझ्याजवळ नव्हतं. मी डाक्तर नाही. तुले खाटेवरून उठवायची एकच वस्तू माझ्याजवळ होती, ती मी तशी फुकट कशी देऊ?

तू नाही उठला. वाजवायचं तुझ्याकडून राहिलं. म्हणून माझा अंगठा जागेवर आहे. शप्पथ मी मोडली नाही.

घरी आता मी अन् पेटी. शेवंता उन्हाळ्यात लेकरं घेऊन येते, चार दिवस घर वाजते, मंग पुन्हा मी अन् पेटी. बाजाराचा दिवस येते. पिशवी घेऊन निघतो. पुलावर येऊन आठवते का आता भंडाऱ्यात बसायले जागा नाही. कोणाले म्हणू का तू चूक आहे? इथं सगळे मले म्हणतात, "हो बाबा, बरोबर आहे बाबा." म्हाताऱ्या माणसाशी कोणी भांडत नाही. हे किती वाईट असते, ते तुले सांगायचं होतं.

आता तेरवीचं सांगतो अन् थांबतो.

लोकं गेल्यावर मी मागापाशी बसलो होतो, हे वर लिहिलं. भजनासाठी पेटी नेली होती, ती बाजूले होती. वैनी आली. तुझी क्लारनेट एका फडक्यात गुंडाळलेली होती, तूच विणलेलं फडकं, ती तिनं मागावर, त्या अर्ध्या लुगड्यावर ठेवली. म्हणाली, "भाऊजी, शेवंताच्या लग्नातलं ते एकदा वाजवा जी. त्यायच्या कानात जाते का नाही मले नाही माहीत. माझ्या तं जाईल."

वैनीले नाही म्हणता येत नाही. मी पेटी घेतली, भाता उघडला, अंगठा पांढऱ्या एकवर ठेवला. शप्पथ होती ना. अन् चाल सुरू केली. तुले एक सांगू? ती चाल मी कधी सगळी वाजवलीच नव्हती. मी नेहमी तुझ्या मागं. बोटं दर सुरापाशी थांबत होती, का आधी सोमा जाईल, मंग आपण. पुढं कोणी जात नव्हतं. तरी ओढत ओढत नेली. वैनगंगेचा पूल ओलांडून तिकडच्या काठापर्यंत नेली.

अन् पेटी रडली, सोमा. पहिल्या सुरापासून रडली. वैनीनं तोंडावर पदर घेतला अन् भिंतीले टेकली. मी वाजवता वाजवता खाली पाहिलं. अंगठा पांढऱ्या एकवर होता. नीट पाहिलं, म्हातारे डोळे आहेत. एकच होती.

पहिल्यांदा मले आनंद झाला. म्हटलं, हरला लेकाचा! पहिली हसते म्हणे, कुठं हसली? तुझा मास्तर खोटा, तू खोटा, तुझी थेरी धानात गेली. मी मान वर केली, तुले सांगायले. मागावर फडकं होतं.

मंग तुझंच बोलणं आठवलं. तू म्हटलं होतं, सा कुठं जात नाही, तिथंच राहते. खाली कोणी सहावी धरली का तोच कोमल गंधार होते, अन् सगळं घर रडायले लागते. मी खालच्या पट्ट्या पाहिल्या, नी अन् ध. एकही दबलेली नव्हती. वैनीले पेटी येत नाही. तिथं तिसरं माणूस नव्हतं.

मी तं अंगठा हलवला नाही, सोमा. मंग मेढ कोणं हलवली?